कंपवात आणि वंशवारसा : जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे

दरवर्षी ११ एप्रिल हा दिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. १७५५ साली याच दिवशी लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांचा जन्म झाला. त्यांनी १८१७ साली एका छोट्या निबंधात अवघ्या सहा व्यक्तींच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे लोटली. आयुर्वेदाच्या परंपरेत कंपवात म्हणून ओळखला जाणारा हा विकार आज जगात झपाट्याने वाढत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात ८५ लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत होते. २०५० सालापर्यंत ही संख्या अडीच कोटींवर जाईल, असा अंदाज २०२५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाढते आयुर्मान हे या वाढीचे प्रमुख कारण मानले जाते.

ख्रिस्ती समाजाला या आजाराची ओळख विशेषत्वाने झाली ती पोप जॉन पॉल दुसरे यांच्यामुळे. त्यांचा थरथरणारा हात, हळूहळू भावहीन होत गेलेला चेहरा, अडखळणारी वाणी हे सारे जगाने अनेक वर्षे पाहिले. २००५ साली त्यांचे निधन झाले तोवर पार्किन्सन्स हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला होता.

परंतु घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला या आजाराचे निदान होते, तेव्हा प्रश्न निराळेच उभे राहतात. औषधोपचारांची चौकशी संपते न संपते तोच मुलांच्या मनात एक शंका डोकावते : "हा आजार उद्या आम्हालाही होणार काय?" मुलगी लग्नाची असेल तर ही शंका कुजबुजीचे रूप घेते. आजार लपविला जातो, रुग्णाला समारंभांपासून दूर ठेवले जाते, आणि ज्या माणसाला आधाराची सर्वांत अधिक गरज असते तो घरातच एकाकी पडतो. म्हणूनच कंपवात आणि आनुवंशिकता यांचा संबंध नेमका काय आहे, हे समजून घेणे केवळ वैज्ञानिक कुतूहलाचा विषय उरत नाही.

आधी विषाकडे बोट

आश्चर्य वाटेल, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुसंख्य तज्ज्ञांचे मत 'हा आजार आनुवंशिक नाही' असेच होते. १९८३ साली जुळ्या भावंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्यांपैकी एकाला कंपवात असला तरी दुसऱ्याला तो क्वचितच असल्याचे त्यात आढळले. समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ एकसारखी असतात. तेव्हा दोष जनुकांत नसावा, असा निष्कर्ष निघाला.

त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक विलक्षण घटना घडली होती. १९८२ साली काही तरुण व्यसनी माणसे अचानक पुतळ्यासारखी ताठरली. त्यांना वृद्धांमध्ये दिसणाऱ्या कंपवाताचीच लक्षणे जडली होती. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा त्यांनी टोचून घेतलेल्या कृत्रिम हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाचे रसायन भेसळीच्या रूपाने शिरल्याचे उघड झाले. या रसायनाने त्यांच्या मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश केला होता. शरीरात गेल्यावर त्याचे जे रूप बनते त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती असते. साहजिकच संशोधकांची दृष्टी विषारी द्रव्ये, विहिरींचे पाणी आणि शेतीची औषधे यांच्याकडे वळली. आनुवंशिकतेचा विषय मागे पडला.

कोंतुर्सीचे घराणे

हे चित्र पालटले ते इटलीच्या दक्षिण भागातील एका डोंगराळ गावामुळे. सालेर्नो प्रांतातील कोंतुर्सी हे ते गाव. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे डॉ. रॉजर डुव्होयसिन आणि डॉ. लॉरेन्स गोल्बे हे कंपवाताच्या रुग्णांवर उपचार करीत असत. त्यांच्याकडे आलेल्या दोन रुग्णांच्या कुटुंबांत अनेकांना हाच आजार होता. चौकशी करता दोघांचेही पूर्वज कोंतुर्सीहूनच अमेरिकेत आल्याचे निष्पन्न झाले. मग इटालियन सहकाऱ्यांच्या मदतीने जुन्या नोंदींचा माग काढीत या घराण्याचा वंशवृक्ष उभा करण्यात आला. त्याच्या शाखा सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एकाच दांपत्यापाशी जाऊन मिळत होत्या. शेकडो वंशजांच्या या घराण्यात साठजणांना कंपवात झाल्याची नोंद झाली. आजार सरासरीने वयाच्या पंचेचाळिशीतच सुरू होत होता.

१९९० साली या घराण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. मिहाइल पॉलिमेरोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबीयांच्या रक्ताचे नमुने तपासले. १९९६ साली दोषाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाले आणि १९९७ साली प्रत्यक्ष दोषच हाती लागला. अल्फा-सिन्यूक्लिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला होता. तीन ग्रीक कुटुंबांतही तोच बदल आढळला.

त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. १९१२ साली फ्रेडरिक लेवी या संशोधकाने कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत काही गोलाकार साके पाहिले होते. त्यांना 'लेवी बॉडी' असे नाव पडले. हे साके प्रामुख्याने अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचेच बनलेले असतात, हे १९९७ साली सिद्ध झाले. कोंतुर्सीच्या घराण्यातील जनुकीय बदल जगात अत्यंत दुर्मिळ आहे. मात्र त्याने ज्या प्रथिनाकडे बोट दाखविले, त्याचे साके ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही हा आजार नव्हता अशा बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूतही सापडतात. एका गावाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या दुःखातून साऱ्या जगाच्या उपयोगी पडणारे ज्ञान मिळाले. त्या कुटुंबांनी आपला आजार लपवून ठेवला असता, तर हे घडले नसते.

२००३ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका घराण्यात निराळाच प्रकार आढळला. तेथे या जनुकात कोणताही बिघाड नव्हता. मात्र त्याच्या दोन प्रतींऐवजी चार प्रती होत्या. म्हणजे निर्दोष प्रथिनही प्रमाणाबाहेर तयार झाले, तर आजार ओढवू शकतो. बिघाड जसा घातक, तसाच अतिरेकही घातक, हा त्यातून मिळालेला धडा होय.

वारशाच्या तीन तऱ्हा

यानंतरच्या शोधांतून एक गोष्ट ठळक झाली. कंपवाताचा वारसा एकाच प्रकारे येत नाही. सामान्य वाचकाच्या सोयीसाठी त्याच्या तीन तऱ्हा सांगता येतील.

पहिली तऱ्हा कोंतुर्सीची. आईवडिलांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत येथे पुरेशी ठरते. प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशी घराणी फारच थोडी आहेत.

दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. १९९८ साली जपानी संशोधकांनी शोधलेले 'पार्किन' हे जनुक या प्रकारात मोडते. आईवडील दोघेही निरोगी असतात, मात्र दोघांकडेही एकेक सदोष प्रत असते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. येथे कंपवात तारुण्यात, कधी विशीतही सुरू होतो. जवळच्या नात्यातील विवाहांत अशा दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. ख्रिस्तसभेच्या विवाहविषयक नियमांत सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांच्या विवाहाला अडथळा मानलेला आहे आणि त्यासाठी विशेष सूट घ्यावी लागते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या नियमामागील हेतू निराळे असतील, परंतु आधुनिक विज्ञानही या बाबतीत सावधगिरीचाच सल्ला देते.

तिसरी तऱ्हा सर्वांत महत्त्वाची, कारण 'जनुकीय पूर्वप्रवृत्ती' हा शब्द खऱ्या अर्थाने तिलाच लागू पडतो. येथे जनुकातील बदल आजाराची शक्यता वाढवितो, मात्र आजार होईलच असे सांगत नाही. २००४ साली उजेडात आलेले एलआरआरके-२ हे जनुक पाहा. त्याचा शोध लागलेल्या कुटुंबांत स्पेनच्या बास्क प्रदेशातील कुटुंबे होती. त्यामुळे त्याच्या प्रथिनाला 'दार्दारिन' असे नाव देण्यात आले. बास्क भाषेत 'दार्दारा' म्हणजे कंप. या जनुकातील एक विशिष्ट बदल अश्केनाझी ज्यू रुग्णांपैकी सुमारे १८ टक्क्यांत आणि उत्तर आफ्रिकेतील रुग्णांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांत आढळला. जगभरच्या, घराण्यात आजार नसलेल्या रुग्णांत मात्र तो सुमारे एका टक्क्यातच सापडतो.

हा बदल अंगी असलेल्या व्यक्तीला आजार होण्याची शक्यता किती? २००८ च्या एका मोठ्या अभ्यासाने वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत ७४ टक्के असे उत्तर दिले. २०१७ च्या अभ्यासात अश्केनाझी ज्यू लोकांसाठी ८० व्या वर्षापर्यंत २५ टक्के असा आकडा आला. आकड्यांतील ही तफावत ध्यानात घ्यावी. एकच जनुकीय बदल निरनिराळ्या समाजांत आणि निरनिराळ्या कुटुंबांत निरनिराळे परिणाम दाखवितो.

जीबीए-१ या जनुकाची कथा याहून उद्बोधक आहे. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गौशर नावाचा दुर्मिळ आजार बालपणी वा पुढे उद्भवतो. अशा रुग्णांच्या आजीआजोबांत, काकामामांत कंपवाताचे प्रमाण अधिक असल्याचे काही चाणाक्ष डॉक्टरांच्या ध्यानात आले. डॉ. एलेन सिड्रॅन्स्की यांच्या पुढाकाराने सोळा केंद्रांतील माहिती एकत्र करण्यात आली. कंपवाताच्या रुग्णांत या जनुकातील बदल असण्याचा संभव निरोगी व्यक्तींच्या तुलनेत पाचपटींहून अधिक असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. पेशीतील टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणारे एक विकर हे जनुक तयार करते. सफाईचे काम मंदावले की अल्फा-सिन्यूक्लिन साचू लागते, असे आज मानले जाते. असे असूनही, ज्यांच्याकडे या जनुकाची एकच सदोष प्रत आहे अशा बहुसंख्य व्यक्तींना आयुष्यभर कंपवात होत नाही.

आकडे काय सांगतात?

एखाद्या एकाच जनुकातील ठळक दोषामुळे झालेला कंपवात एकूण रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांतच आढळतो. उरलेल्यांच्या बाबतीत अनेक जनुकांतील बारीकसारीक फरकांचा परिणाम मिळून होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने असे ९० फरक नोंदविले. त्यातील एकेकाचा परिणाम अगदी क्षुल्लक असतो.

आता घरातील मूळ शंकेकडे वळू. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात कंपवात होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकी असते. आईवडील वा सख्खे भावंड यांना हा आजार असेल तर ती साधारण दुप्पट-तिप्पट होते. 'दुप्पट' हा शब्द कानाला भयंकर वाटतो. मात्र त्याचा अर्थ असा की, अशा शंभर मुलांपैकी नव्वदीहून कितीतरी अधिक मुलांना हा आजार कधीही होणार नाही. भीतीच्या भरात आपण पहिला आकडा ऐकतो, दुसरा ऐकतच नाही.

जनुक आणि परिस्थिती

विषाकडे बोट दाखविणारे जुने संशोधक चुकले होते काय? मुळीच नाही. १९९९ साली अमेरिकेतील जुळ्या माजी सैनिकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपूर्वी सुरू होणाऱ्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे, तर पन्नाशीनंतरच्या आजारात तो फारसा दिसत नसल्याचे त्यात आढळले. पुढील संशोधनाने उतारवयातील आजारातही जनुकांचा काही वाटा असल्याचे दाखविले, परंतु तो एकटा पुरेसा नसतो. जमीन आणि बियाणे दोन्ही जुळून यावी लागतात.

म्हणूनच फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत कंपवाताला व्यावसायिक आजाराचा दर्जा दिला. पॅराक्वाट हे तणनाशक युरोपीय संघात २००७ सालीच बंद झाले. आपल्याकडे बागायतीत व भातशेतीत फवारणी करणारे कित्येकजण आजही हातमोजे आणि तोंडावर फडके यांचीसुद्धा तमा बाळगीत नाहीत. आपल्याला लाभलेली जनुके आपण बदलू शकत नाही, परंतु पाठीवरच्या पंपातून काय फवारतो आणि ते अंगावर किती घेतो, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांत या आजाराचे प्रमाण कमी आढळते, हेही येथे नमूद करावयास हवे.

कोणाच्या जनुकांचा अभ्यास?

या साऱ्या संशोधनात एक मोठी उणीव राहिली आहे. वर उल्लेखिलेला २०१९ चा व्यापक अभ्यास केवळ युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेला होता. इतर वंशांच्या लोकांचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर २०२३ साली नायजेरियातून आले. तेथील व इतर ठिकाणच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास करता जीबीए-१ जनुकातच एक निराळा बदल सापडला. आफ्रिकी रुग्णांपैकी सुमारे ३९ टक्क्यांत त्याची किमान एक प्रत होती. युरोपीय लोकांत हा बदल जवळजवळ आढळतच नाही. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत कितीही वर्षे घालविली असती, तरी तो हाती लागला नसता.

भारताची गोष्टही याहून वेगळी नाही. एलआरआरके-२ मधील जो बदल ज्यू आणि उत्तर आफ्रिकी लोकांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, तो भारतीय रुग्णांत अत्यंत विरळा असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे परदेशी नमुन्यावर बेतलेली चाचणी येथे 'निर्दोष' असा निर्वाळा देईल आणि तो निर्वाळा फसवा असू शकेल. आपल्या देशात शेकडो जातिजमाती शतकानुशतके आपापल्या वर्तुळात विवाह करीत आल्या आहेत. प्रत्येक वर्तुळाचा जनुकीय वारसा थोडाफार निराळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु आपल्या लोकसंख्येच्या मानाने ती केवळ सुरुवात आहे. एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयाने वा संशोधन संस्थेने रीतसर संमती घेऊन रक्ताचा नमुना मागितला, तर संशयाने पाठ फिरविण्याआधी कोंतुर्सीची आठवण ठेवावी.

तपासणी करावी काय?

२००८ साली गूगल कंपनीचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांनी आपल्या अंगी एलआरआरके-२ मधील तो बदल असल्याचे स्वतःहून जाहीर केले. त्यांच्या आईला कंपवात होता. पुढे त्यांनी या संशोधनाला प्रचंड आर्थिक साहाय्य केले. प्रत्येकाची परिस्थिती अशी नसते. त्यांची चाचणी करणाऱ्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीला २०१७ साली अमेरिकेत कंपवातासह दहा आजारांच्या जनुकीय धोक्याची माहिती थेट ग्राहकांना देण्याची परवानगी मिळाली. हीच कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला. लाळेचा थेंब एकदा दिला की तो केवळ आपली नव्हे, तर आपल्या भावंडांची आणि मुलांचीही गुपिते घेऊन जातो.

अमेरिकेत २००८ च्या एका कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकांच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली. आयुर्विम्याला मात्र हे संरक्षण लागू नाही. भारतात जनुकीय भेदभावापुरता असा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

मग तपासणी कोणासाठी उपयोगी? आजार पन्नाशीपूर्वी, विशेषतः तारुण्यात सुरू झाला असेल किंवा घराण्यात अनेकांना असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांशी याविषयी अवश्य बोलावे. आधी समुपदेशन, मग तपासणी, आणि तीही शक्यतो प्रथम रुग्णाची, हा योग्य क्रम होय. निरोगी लहान मुलांची अशी तपासणी करणे उचित मानले जात नाही. मोठे झाल्यावर जाणून घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्याचा हक्क त्यांचा आहे.

आज आजार रोखणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही. त्यामुळे केवळ कुतूहलापोटी केलेली चाचणी मनःशांती हिरावून घेण्यापलीकडे फारसे काही देत नाही. हे चित्र बदलू शकेल. जीबीए-१ मुळे मंदावलेली पेशींची सफाई सुधारते काय, हे पाहण्यासाठी ॲम्ब्रोक्सॉल या औषधाची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये हाती घेण्यात आली आहे. हे औषध आपल्याकडे खोकल्यावर, कफ पातळ करण्यासाठी दिले जाते. वाचकांनी मात्र ते औषधाच्या दुकानातून आणून स्वतःवर प्रयोग करू नये. चाचणीतील मात्रा खोकल्याच्या मात्रेच्या कितीतरी पट असते, आणि तिचा निष्कर्ष अद्याप हाती यावयाचा आहे.

आपल्या घरात

वंशावळीत कंपवात आहे म्हणून एखाद्या मुलीचे स्थळ नाकारणे हे ना विज्ञानाला धरून आहे, ना माणुसकीला. मधुमेह आणि हृदयविकार यांची प्रवृत्तीही घराण्यांतून उतरते. ते आजार आपण लपवीत नाही. हाताच्या कंपाची मात्र आपल्याला लाज वाटते, कारण तो चारचौघांत दिसतो.

ज्या घरात हा आजार आहे तेथे सर्वप्रथम जनुकांच्या चाचणीची गरज नसते. वेळेवर औषध, रोजचा व्यायाम आणि सावकाश बोलणाऱ्या माणसाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारा श्रोता यांची गरज असते. पुणे आणि मुंबई येथे रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणणारे गट कार्यरत आहेत. आपल्या धर्मग्रामांतूनही महिन्यातून एकदा असे एकत्र येणे सहज शक्य आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला थरथरणारा हात जगापासून लपविला नाही. आपल्या आजोबांना मिस्सेसाठी पहिल्या बाकावर नेऊन बसविण्यास आपण संकोचू नये, एवढे तरी त्यांच्यापासून शिकता येईल.

"हा आजार आम्हालाही होणार काय?" असे विचारणाऱ्या मुलांना प्रामाणिक उत्तर हेच : बहुधा नाही. आणि ज्यांना तो झाला आहे, ते आज आपल्या घरात आहेत. आधी त्यांच्याकडे पाहू या.